फर, पीस आणि रंगांचे थर

प्राण्याचे वास्तवदर्शी चित्र काढणाऱ्याची खरी कसोटी फर रंगवताना लागते, कारण तळाची दाट, मऊ लव, तिच्यावरचे लांब, राठ केस आणि या सर्वांखाली स्नायूंनी घडवलेला देहाचा उठाव असे तिचे थर असतात, आणि त्यांतील प्रत्येकाला रंगाचा निराळा गुणधर्म लागतो. एकाच चित्रात भिन्न गुणधर्मांचे रंगसाहित्य वापरण्याची पद्धत, म्हणजेच मिश्र माध्यम, येथे विशेष फलदायी ठरते.

न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५०२ साली रंगवलेला आणि आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात असलेला ससा हे या पद्धतीचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणावे लागेल. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीच्या कागदावर त्याने आधी पारदर्शक जलरंगाचे तपकिरी थर दिले. अशा पातळ रंगातून आरपार गेलेला प्रकाश कागदावरून परावर्तित होत असल्याने देहाला ऊब आणि गोलाई येते. त्यावर त्याने अपारदर्शक जलरंगाचे, म्हणजे खालचा थर झाकू शकणाऱ्या दाट रंगाचे, गडद आणि फिके बारीक फटकारे ओढले, आणि डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंबही टिपले. प्रत्येक केस मोजून रंगवल्याचा जो भास होतो, तो फटकाऱ्यांच्या संख्येमुळे नव्हे, तर छाती, पाठ आणि मांडीवर बदलत जाणाऱ्या त्यांच्या दिशेमुळे आणि लांबीमुळे होतो. निव्वळ चिकाटीने ते साधत नाही, त्यासाठी प्राण्याची शरीररचना ठाऊक असावी लागते.

१५१२ हे साल नोंदवलेल्या त्याच्या दुसऱ्या चित्रात, आपल्याकडच्या नीलपंखाच्या युरोपीय सगोत्राचा पंख रंगवताना, आधार चर्मपत्राचा, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेल्या कातड्याचा आहे. ते रंग फारसा शोषत नाही, त्यामुळे निळी, हिरवी छटा पृष्ठभागावरच राहून झळाळते.

आजचे अनेक वन्यजीव चित्रकार जलरंगावर रंगीत पेन्सिल आणि शेवटी अपारदर्शक पांढरा रंग वापरतात. पेन्सिलीतील मेण पाण्याला दूर सारत असल्याने जलरंगाचे काम आधी पुरे करावे लागते. तो थर पूर्ण वाळल्यावर मिशांच्या जागी बोथट टोकाने खोलगट रेघा दाबून घेतल्या, तर नंतर फिरवलेली गडद पेन्सिल त्या खाचांत उतरत नाही आणि मिशा फिक्या रंगातच उरतात.