बुखाऱ्याच्या बाजारात काय पाहावे, काय घ्यावे

पूर्वी आपल्याकडचा माणूस परदेशी निघाला म्हणजे तो हजला तरी जायचा किंवा आखातात नोकरीला. येताना खजूर, जमजमचे पाणी, तसबीह आणि अत्तर एवढ्यात बॅग भरायची. आता मुंबई-दिल्लीहून उझबेकिस्तानच्या सहली निघू लागल्या आहेत आणि त्यांत व्यापारी घराण्यांतील मंडळी दिसतात. समरकंद, बुखारा ही नावे आपण लहानपणापासून ऐकलेली. इमाम बुखारी (रह.) इ. स. ८१० मध्ये बुखाऱ्यात जन्मले आणि समरकंदजवळ खरतंग येथे त्यांची कबर आहे. शिवाय बिर्याणीत पडणारा आलुबुखारही त्याच शहराचे नाव सांगतो.

अशा सहलीत निम्मा वेळ बाजारात जातो. आम्ही पाहिले ते असे की, दुकानात दिवसभर गिऱ्हाईक सांभाळणारा माणूसही परक्या बाजारात गिऱ्हाईक झाला की चटकन फसतो. माल कसा ओळखावा हे त्याला ठाऊक असते. परंतु आपल्या मालाचे. म्हणून तिथल्या मालाबद्दल चार गोष्टी येथे देत आहोत. त्यातून आपल्या कारागिरांनाही काही घेण्यासारखे आहे.

प्रवासाचा क्रम साधारण ठरलेला असतो. ताश्कंदला उतरायचे, तेथून जलद रेल्वेने सुमारे दोन तासांत समरकंद, पुढे बुखारा. ही 'अफ्रासियाब' गाडी २०११ मध्ये समरकंदपर्यंत सुरू झाली आणि २०१६ मध्ये बुखाऱ्यापर्यंत गेली. ताश्कंदच्या चोरसू बाजारात सुका मेवा पाहून घ्यावा, पण हातकामाच्या वस्तूंची खरेदी तेथे उरकू नये. समरकंदला रेगिस्तानचे तीन मदरसे आहेत. त्यातला उलुगबेगचा १४१७ ते १४२० मधला आणि बाकीचे दोन सतराव्या शतकातले. त्यांच्या निळ्या फरश्या पाहताना मान दुखते. मात्र खरेदीच्या दृष्टीने घाई न करता राहावे ते बुखाऱ्यात.

याचे कारण बुखारा हे मुळातच बाजारासाठी बांधलेले शहर आहे. जुन्या रस्त्यांच्या चौकांवर सोळाव्या शतकात घुमट बांधले आणि घुमटाखाली एकेका धंद्याला जागा दिली. 'तोकी जरगरान' सोनारांचा, 'तोकी तेलपाकफुरुशान' टोपीवाल्यांचा, 'तोकी सर्राफान' सराफांचा. जरगर, सर्राफ, फरोश हे शब्द आपल्याला परके नाहीत. घुमट जाड विटांचे, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असले तरी आत गारवा राहतो आणि गिऱ्हाईक रेंगाळते. त्या काळच्या गवंड्याला दुकानदारी कळत होती असेच म्हटले पाहिजे. आपल्या देशातले मुलतानी व्यापारी आणि सावकार पिढ्यान्‌पिढ्या या शहरात पेढ्या चालवीत होते. भारतातून तेथे कापड जाई आणि नीळही जाई.

बाजाराचे नाव मोठे झाले की मालाचे खरे गाव मागे पडते. जगभर 'बुखारा गालिचा' म्हणून जो लाल गालिचा विकला जातो, तो मुळात तुर्कमेन टोळ्यांच्या बायका विणत. विक्रीला तो बुखाऱ्यात येई म्हणून नाव बुखाऱ्याचे पडले. तेव्हा 'खास बुखाऱ्याचा' असे दुकानदार म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारावा: विणला कोठे?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. अनेक जुन्या मदरशांच्या हुजऱ्यांमध्ये आज दुकाने आहेत. जेथे तालिबे-इल्म बसत तेथे रुमाल आणि रकाब्या टांगलेल्या असतात. सोव्हिएत राजवटीत मदरसे बंद पडले. बुखाऱ्याचा मीर-ए-अरब मदरसा पुढे पुन्हा सुरू झाला, तोही मोजक्या मुलांनिशी. रिकाम्या इमारती पडून गेल्या असत्या त्यापेक्षा कारागिराच्या भाड्याने तगल्या, असे कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. तरीही आम्हाला तेथे भाव करताना आवाज चढवावासा वाटला नाही.

आता माल. पहिला मान कापडाचा. फरगाना खोऱ्यातले मर्गिलान हे रेशमाचे गाव. तेथले 'अतलस' शुद्ध रेशमाचे आणि 'अद्रस' म्हणजे ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य, म्हणून मुसलमानी मुलखांत रेशीम-सुताची मिश्र कापडे चालत आली. आपल्याकडचे 'मशरू' त्याच गरजेतून आले. नावाचा अर्थच शरीयतने मुभा दिलेले. त्याची वीण अशी की रेशीम बाहेर दिसते आणि अंगाला सूत लागते. औरंगाबादचे हिमरू हेही सुती-रेशमीच.

अतलस आणि अद्रसची नक्षी विणताना काढत नाहीत, ती आधीच ताण्यावर रंगवतात. ताणा ताणून कारागीर त्यावर खुणा करतो. जेथे रंग नको तेथे धाग्यांचे जुडगे घट्ट बांधतो. पिवळा आणि लाल रंग उकळत्या पाण्यात देतात, नीळ थंड पाण्यात. प्रत्येक रंगासाठी बांधायचे, बुडवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. मग तो रंगीत ताणा मागावर चढवून बाणा टाकतात. बांधणीखाली रंग थोडासा झिरपतोच, त्यामुळे नक्षीची कड ढगासारखी पसरट दिसते. 'अब्र' म्हणजे ढग, आणि या कामाला 'अब्रबंदी' म्हणतात. जुन्या बुखाऱ्यात नीळ रंगवण्याचे काम परंपरेने यहुदी रंगाऱ्यांकडे होते. एका कापडावर इतक्या हातांची भाकर चालायची.

ही नक्षी आज छापून मिळते, आणि पॉलिस्टरवर छापून तर ढिगाने मिळते. ओळख अवघड नाही. कापड उलटून पाहावे. खऱ्या अद्रसची नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच गडद असते, छापलेल्याची मागची बाजू फिकी. खऱ्याची कड धाग्याच्या दिशेने ओढल्यासारखी पसरते. छापलेल्यात ती पसरण चित्रासारखी काढलेली असते आणि प्रत्येक फेऱ्यात तंतोतंत तीच येते. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असतो, अर्ध्या मीटरच्या आसपास. दीड मीटर पन्ह्याचे 'हाताचे' अद्रस कोणी दाखवले तर नमस्कार करून पुढे जावे. दुकानदाराची परवानगी घेऊन काठाचा धागा जाळून पाहता येतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. हा शेवटचा उपाय आपल्या कापडवाल्यांना सांगायला नको.

दुसरी वस्तू 'सुझानी'. सुझान म्हणजे सुई. मुलीच्या लग्नासाठी आई, आजी, मावश्या मिळून हे भरतकाम करीत. अरुंद सुती पट्टे तात्पुरते जोडायचे, त्यावर जाणत्या बाईने नक्षी रेखायची, मग पट्टे सोडवून घराघरांत वाटायचे आणि भरून झाले की पुन्हा जोडायचे. प्रत्येक हात वेगळा, म्हणून जोडावर फूल किंचित सरकते आणि रंगही कधी जुळत नाही. हा सरकलेला जोड जुन्या पद्धतीच्या सुझानीची साक्ष आहे. अनोळखी गिऱ्हाईक त्यालाच दोष समजते आणि गुळगुळीत माल उचलते.

आम्हीही तेच केले. एका दुकानात 'सगळे हाताचे' म्हणून मोठे कापड घेतले, मुक्कामी येऊन उलटून पाहिले तर मागे बॉबिनचा दुसरा धागा सरळ धावत होता. यंत्राचे काम. दुकानदाराने खोटे सांगितले हे खरे, पण कापड उलटून न पाहण्याचा दोष आमचाच होता. हाताच्या कामात मागे गाठी दिसतात, धागा संपून नवा सुरू झाल्याच्या जागा दिसतात, आणि पुढच्या बाजूला टाक्यांच्या आडून रेखाटनाची शाई कुठेतरी डोकावते.

मातीकामाबद्दल थोडक्यात. फरगाना खोऱ्यातल्या रिश्तानची भांडी निळी-फिरोजी असतात. त्यांची झिलई जुन्या पद्धतीत वाळवंटी झुडपांच्या राखेपासून होते आणि तिला 'इश्कोर' म्हणतात. बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानची भांडी मात्र तपकिरी, पिवळी, हिरवी. दोन्ही शैली शेजारी ठेवल्या तर एका नजरेत कळतात. कुंचल्याची रेघ जाड-बारीक होते, चिकटवलेल्या छापाची होत नाही. तळाशी उस्तादाचे नाव आणि गाव लिहिलेले असेल तर तेच घ्यावे.

लहान वस्तूंत बुखाऱ्याची पक्ष्याच्या आकाराची कात्री आणि चुस्तची सुरी प्रसिद्ध आहे. ती हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर सोडून यावी लागेल. कुरआन ठेवण्याची लाकडी रिहल तेथे 'लौह' म्हणून मिळते. चांगली रिहल एकाच फळीतून कोरलेली असते, खिळा नाही, सरस नाही, आणि उलटसुलट केली की वेगवेगळ्या उंचीवर उघडते. आमच्या मते त्या बाजारातली आपल्या घरात सर्वांत उपयोगी पडणारी निशाणी हीच. समरकंदबाहेर कोनीगिल गावी तुतीच्या सालीपासून हाताने कागद करतात. पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या उखळात साल कुटली जाते आणि तुमच्यासमोर चौकटीवर कागद उचलला जातो. कागदाचा एक ताव घेतल्याशिवाय तेथून कोणी निघत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी. चलन सोम. २०१७ मध्ये सरकारने विनिमय खुला केल्यापासून रस्त्यावर पैसे बदलण्याचे कारण उरलेले नाही, बँकेतच बदलावेत. घासाघीस तेथे चालते. परंतु एकदा भाव ठरल्यावर मागे फिरणे, किंवा दुसरा गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये भाव वाढवणे, हे आपल्या दीनने मना केलेले आहे आणि ते परक्या गावातही मनाच आहे. पन्नास वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. 'शंभर वर्षांची सुझानी' म्हणून विकणारा एक तर खोटे बोलतो किंवा तुम्हाला कस्टममध्ये अडकवतो. नव्या मालाचीही पावती घ्यावी. विक्रीसाठी माल आणायचा असेल तर प्रवासी सामानाची सवलत त्याला लागू नाही. आयात-निर्यात कोड काढून रीतसर माल मागवावा.

आता आपल्या कारागिरांसाठी. सोव्हिएत काळात खासगी हातकाम दडपले गेले होते आणि हातमागाचे अद्रस जवळजवळ बुडाले. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९९७ मध्ये हस्तकारागिरांना सरकारी आधार देणारा हुकूम निघाला आणि 'हुनरमंद' ही त्यांची संघटना उभी राहिली. अतलस-अद्रसची जुनी रीत जपणाऱ्या मर्गिलानच्या केंद्राची २०१७ मध्ये युनेस्कोने दखल घेतली. पण सरकार आणि युनेस्को गिऱ्हाईक आणून देत नाहीत. आम्हाला जाणवले ते असे की, तिथला उस्ताद माल मागे आणि काम पुढे ठेवतो. दुकानाच्या तोंडाशी शागीर्द ठोकत, भरत, रंगवत बसलेला असतो. प्रवासी दहा मिनिटे उभा राहतो आणि मग भाव कमी करा म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. शिवाय प्रत्येकाकडे तळहातावर मावेल अशी काही वस्तू असते. अद्रसची पूर्ण लांबी न परवडणारा त्याच अद्रसचा बटवा घेऊन जातो.

बुखाऱ्याजवळ बहाउद्दीन नक्शबंद (रह.) यांची कबर आहे. मन अल्लाहकडे आणि हात कामात, अशी त्यांच्या सिलसिल्याची शिकवण सांगतात. त्याच सिलसिल्यातले बाबा शाह मुसाफिर गिझदुवानच्या परिसरातून निघून दख्खनला आले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत त्यांची कबर आहे. डोंगरातले पाणी खापरी नळांनी आणून चक्की फिरवायची आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळायचे, ही त्या जागेची रीत होती. आज तेथे आणि मकबऱ्याच्या रस्त्यावर 'हिमरू शाल' म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे यंत्रावरचे असते. खरे हिमरू विणणारे हातमाग बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. यंत्रावरची शाल विकण्यात गुन्हा नाही, ती यंत्रावरची आहे असे सांगून विकावी. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाहीस असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

पाणचक्कीला येणारा प्रवासी बुखाऱ्याच्या प्रवाशाहून वेगळा नाही. त्यालाही निशाणी हवी असते आणि तोही कापड उलटून पाहत नाही. त्या रस्त्यावरच्या पाच-दहा दुकानदारांनी मिळून एक हातमाग दुकानाच्या दारात चालता ठेवला, विणकराला रोजची मजुरी बांधून दिली, आणि हातमागाच्या मालाला विणकराच्या नावाची चिठ्ठी शिवली, तर किती खर्च येईल याचा हिशेब आम्ही दोन जाणत्या विणकरांना मांडायला सांगितला आहे. तो हाती आला की याच पानावर देऊ. ज्यांना यात भाग घ्यायचा असेल त्यांनी तोपर्यंत आपल्या दुकानातला माल उलटून पाहावा आणि हाताचा वेगळा, यंत्राचा वेगळा लावून ठेवावा.