गोदाकाठची द्राक्षे, परमुलखातले गिऱ्हाईक

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वृत्तांतात भडोच बंदरी उतरणाऱ्या जिनसांची जी यादी आहे, तिचा आरंभच द्राक्षमद्याने होतो; त्यातही इटलीच्या मद्याला अग्रमान, आणि त्यामागून लाओडिकिया व अरबस्तान येथल्या मद्याचा क्रम. त्याच वृत्तांतात पैठण आणि तेर या आपल्या मराठवाड्यातील गावांचा दख्खनच्या मोठ्या पेठा म्हणून निर्देश आहे, आणि तेरच्या भूमीत रोमन मद्यकुंभांची खापरेही सापडलेली आहेत. दोन सहस्र वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठचे मद्य असे गिऱ्हाईक शोधीत थेट आपल्या मुलखापर्यंत येत होते. आज नाशिक, जुन्नर आणि दौंड या तालुक्यांतून बाटल्या घेऊन निघालेला मराठी उत्पादक लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानांचे आणि उपाहारगृहांचे उंबरठे झिजवीत असतो.

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असे आपण अभिमानाने म्हणत आलो आहोत. त्या जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी १९९४ पासून ‘प्रोवाइन’ नावाची वाइन-व्यापाराची प्रचंड जत्रा भरते आणि देशोदेशीचे उत्पादक व आयातदार तेथे सौद्यांची बोलणी करतात. परभणीची बाटली अर्थातच तेथे नाही, कारण आपला जिल्हा कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी यांचा. तरीही हा विषय आपल्याला अगदीच परका मानता येत नाही. नाशिकचे द्राक्षमळे ज्या गोदावरीच्या पाण्यावर पोसले जातात, तीच पुढे नाथसागरात साठून डाव्या कालव्याने आपल्या शिवारात येते, आणि वरच्या धरणांतून खाली पाणी किती सोडावे हा तंटा तर आपल्याकडे दुष्काळी वर्षांत ठरलेलाच असतो. आपल्या वाट्याच्या नदीतून जे पीक निघते, ते जगात कोठे आणि कसे खपते हे पाहण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे.

या व्यवहाराची मराठी मुलखातील मुहूर्तमेढ शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावी रोवली. त्यांच्या ‘इंडेज’ने फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने, बाटलीतच दुसरे किण्वन घडवून, ‘ओमर खय्याम’ नावाची फेसाळ वाइन तयार केली आणि १९८० च्या दशकात ती युरोपला रवाना केली. पुढे राजीव सामंत या अमेरिकेत शिकून आलेल्या तरुणाने नाशिकजवळ १९९७ च्या सुमारास सोविन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक या जातींची लागवड केली, आणि आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ हे नाव दिलेली पहिली वाइन २००० साली बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारी करात सवलती दिल्या, तेव्हा हा धंदा एक-दोघांच्या हौसेपुरता न राहता रीतसर उद्योग म्हणून रुजू झाला.

परंतु वाइन उत्तम झाली म्हणजे ती खपते, हा भ्रम परमुलखात पहिल्या दिवशीच ओसरतो. प्रत्येक देशाचा कायदा निराळा. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठल्यानंतर आयातदार, वितरक आणि विक्रेता अशी तीन टप्प्यांची व्यवस्था रूढ झाली. तिच्या बरहुकूम परदेशी उत्पादकाला कोपऱ्यावरच्या दुकानाला एक पेटीदेखील परभारे विकता येत नाही. स्वीडनमध्ये किरकोळ विक्रीचा मक्ता ‘सिस्टेमबोलागेट’ या सरकारी कंपनीकडे आहे, तर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात प्रांतिक सरकारच्या मंडळाचाच वरचष्मा आहे. निजामी अमलात आबकारी हे दौलतीच्या उत्पन्नाचे केवढे मोठे साधन होते याच्या कथा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना मद्य आणि महसूल यांचे हे साहचर्य नवे वाटणार नाही.

म्हणून उत्पादक एकटा फिरत नाही. वितरकाचा विक्रेता त्याला आपल्या गाडीत घालून गिऱ्हाइकांकडे नेतो. सकाळी पाच-सहा बाटल्या उघडून, त्यातल्या कोणत्याही मद्याचा वास-स्वाद बिघडलेला नाही ना याची खातरजमा करून, पांढऱ्या वाइनच्या बाटल्या थंड राहतील अशा बेताने पिशवीत भरल्या जातात. दुकानांकडे जायचे ते सकाळी गर्दी नसताना, आणि उपाहारगृहांकडे दुपारचे जेवण उरकून रात्रीची तयारी सुरू होण्याच्या मधल्या दोन-तीन तासांत. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी तर तिकडे फिरकणेच गैर. खरेदी करणारा बहुधा उभ्या उभ्याच भेटतो. पेल्यात घोटभर वाइन घेऊन तो ती उजेडात धरतो, पेला फिरवून नाक आत घालतो, घोट तोंडात घोळवतो आणि पीकदाणीत थुंकून टाकतो, कारण दिवसभरात अशा कितीतरी वाइन त्याला चाखायच्या असतात. मोंढ्यातला मुरलेला खरेदीदार चिमूटभर कापूस बोटांनी ओढून धाग्याची लांबी ताडतो आणि चेहऱ्यावर काही उमटू देत नाही, तोच हा मामला. मग येतो पहिला प्रश्न, आणि तो चवीविषयी क्वचितच असतो. हिंदुस्थानात वाइन होते?

या प्रश्नाचे उत्तर मिनिटा-दोन मिनिटांत देता आले पाहिजे, आणि या दौऱ्याचे यश बव्हंशी त्यावरच अवलंबून असते. युरोपात हिवाळ्यात वेल निद्रिस्त होतो. आपल्याकडे त्याला ती विश्रांती नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा सरताना गोडी छाटणी करून फळ धरायचे, आणि जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत तोडणी करायची. नाशिकची सुमारे ६०० मीटरची उंची आणि हिवाळ्यातल्या गार रात्री यांमुळे द्राक्षातली आंबटी टिकते. हे वेलीशी प्रत्यक्ष वावरलेल्या माणसाने सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे शंकेचे सावट निवळते. पदकांची यादी वाचून दाखविल्याने तसे होत नाही, हे माझे मत.

दुकानात बाटली घेतली गेली तरी लढाई संपत नाही. मांडणी देशवार असते. फ्रान्स आणि इटली यांना भिंतीच्या भिंती, आणि भारताला ‘इतर देश’ या सदरात तळच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी जागा. उपाहारगृहात गणित आणखी वेगळे आहे. तेथे पूर्ण बाटलीपेक्षा पेल्याने विकली जाणारी वाइन अधिक मोलाची, कारण ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा पेले निघतात आणि रोज बाटल्या उघडाव्याच लागतात. त्या यादीत शिरकाव झाला की मागणी नियमित. शहाणा उत्पादक मालकाइतकाच वेळ तेथल्या वाढप्यांना देतो. त्यांना एकत्र बसवून चव देतो आणि कोणत्या पदार्थाबरोबर काय द्यावे ते समजावतो. तिखट जेवणाबरोबर कडक, तुरट तांबडी वाइन दिली तर जिभेची आग वाढते; किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लांक मात्र ती शमवते. (आपल्याकडच्या ठेच्यापुढे ती कितपत टिकेल याची हमी मी देत नाही.) भारतीय उपाहारगृहे हे आपल्या वाइनचे पहिले आश्रयस्थान ठरले ते यामुळेच, पण तेवढ्यावर संतुष्ट राहणे म्हणजे पाहुण्याच्या गावी जाऊन भावकीतच जेवून परतणे होय. २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘वेटरोज’ या साखळी दुकानांनी भारतीय वाइन फळीवर मांडली, तेव्हा ती चौकट मोडली. आपल्याकडे मात्र २०२२ साली मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय विरोधामुळे बासनातच राहिला.

या कथेची काळी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. धोरणाच्या भरवशावर पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षअखेरचा मुंबईवरील हल्ला यांनी खप आणि पर्यटन दोन्ही खचले, आणि परदेशी पेढ्या विकत घेत सुटलेले ‘इंडेज’ कर्जाखाली कोलमडले. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत, कारण ती बारीक, बियांची आणि जाड सालीची असतात. कारखान्याने पाठ फिरवल्यावर अनेकांना बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली.

थंडीच्या दिवसांत राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी कित्येकदा परभणीहून येते, तेव्हा आपल्याकडेही हे पीक का नको, अशी चर्चा एखाद्या पारावर रंगते. तसा विचार ज्याच्या मनात असेल त्याने कृषी विद्यापीठात जाऊन माती आणि हवामान यांची चौकशी जरूर करावी. पण त्याआधी कोणता कारखाना, कोणत्या दराने, किती वर्षे माल उचलणार हे स्टँपपेपरावर लिहून घ्यावे, आणि त्या कारखान्याच्या बाटल्या कोणत्या दुकानांत व उपाहारगृहांत विकल्या जातात तेही स्वतः विचारून घ्यावे.