नेम धरायचा रिकाम्या हवेवर!

लगोरी खेळताना पळणाऱ्या गड्याला चेंडू कसा मारता? तो आत्ता जिथे आहे तिथे फेकलात, तर गेलाच वाया! चेंडू पोहोचेपर्यंत गडी पुढे निघून जातो. म्हणून आपण त्याच्या थोडं पुढेच फेकतो. शॉटगनने हवेतल्या चकत्या फोडणारे नेमबाजही नेमकं हेच करतात.

चकती असते ११ सेंटिमीटर रुंद आणि १०५ ग्रॅम वजनाची. सुरुवातीच्या चकत्या भाजलेल्या मातीच्या होत्या, पण त्या इतक्या टणक, की छर्रे लागूनही फुटायच्या नाहीत! आता चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ मिसळून त्या करतात. यंत्र चकती फेकताना तिला गरगर फिरवतं, म्हणून ती हवेत कोलमडत नाही.

समजा, चकती तुमच्यापासून २० मीटरवरून ताशी ९० किलोमीटर वेगाने आडवी चालली आहे. छर्ऱ्यांना तिथवर जायला सेकंदाचा जेमतेम विसावा भाग लागतो. तेवढ्यात चकती सव्वा मीटर पुढे सरकलेली! म्हणजे बार उडवायचा तो चकती अजून जिथे पोहोचलेलीच नाही, अशा जागी. आणि बंदूक फिरवत राहायची, थांबवायची नाही. थांबलात की छर्रे मागे पडले. एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. बारीक, पण अडीचशेहून जास्त.

या नेमबाजीच्या प्रकारांत मला सगळ्यात गंमत वाटते ती स्कीटची. दोन बाजूंना दोन खोल्या, एकीतून चकती उंचावरून सुटते, दुसरीतून खालून. नेमबाज बंदुकीचा दस्ता कमरेशी धरून ओरडतो. मग चकती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही! ती दिसल्यावरच बंदूक खांद्याला लावायची. नुसती धूळ उडाली तर गुण नाही. निदान एक तुकडा पडलेला दिसायला हवा.

हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, कानांवर संरक्षक आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच चालतं.

राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकलं, ते डबल ट्रॅपमध्ये. तिथे एकाच वेळी दोन चकत्या सुटायच्या! २०२४ मध्ये पॅरिसला माहेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नरुका ही जोडी स्कीटच्या कांस्यपदकासाठी चीनशी लढली. निकाल लागला ४४-४३. चीनने एकच चकती जास्त फोडली होती.