डॉक्टर व्हायचं? मग केव्हा ठरवायचं?

मुलांनो, चौथीच्या वर्गात "मोठेपणी कोण होणार?" असं विचारलं, की निम्मे हात डॉक्टरसाठी वर जातात. दुसऱ्या दिवशी त्यातलेच काही जण पोलीस होतात, काही जण क्रिकेटपटू! त्यात काही बिघडत नाही. चौथीतल्या उत्तराला कुणी बांधून ठेवत नाही. पण दहावीचा निकाल लागला, की अकरावीच्या फॉर्मवर विषय लिहावे लागतात. सातारा असो की सांगली, त्या दिवसांत घरोघरी एकच चर्चा चालते : "जीवशास्त्र घ्यायचं, गणित घ्यायचं, की दोन्ही?"

अमेरिकेत आधी पदवी आणि मग मेडिकल असा क्रम असतो. तिथल्या काही मेडिकल कॉलेजांत लवकर निर्णय घेणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. विद्यार्थ्याने सुरुवातीला एकाच कॉलेजात अर्ज करायचा आणि निवड झाली तर तिथेच जायचं. उत्तर लवकर मिळतं, जिवाला घोर राहत नाही. पण नकार आला, तर बाकीच्या कॉलेजांसाठी अर्ज करायला उशीर झालेला असतो. म्हणजे लवकर ठरवण्यात फायदा आहे, तसा धोकाही आहे.

आपल्याकडे असं लवकर ठरवण्याचे दोन टप्पे येतात. ते नीट समजून घेऊ या.

पहिला टप्पा अकरावीचा. एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. गणित लागत नाही, म्हणून बरीच मुलं ते सोडून देतात. अभ्यासाचा भार कमी होतो, हे खरं. पण पुढे मन बदललं आणि इंजिनिअरिंगकडे वळावंसं वाटलं, तर गणित आडवं येतं. उलट, ज्यांनी फक्त गणित घेतलं, त्यांच्यासाठी २०२३ साली एक वाट मोकळी झाली. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनाही 'नीट' परीक्षेला बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं. म्हणून ज्याचं मन अजून डळमळीत आहे आणि गणिताची भीती नाही, त्याने दोन्ही विषय ठेवलेले बरे. ज्याचं मन पक्कं आहे, त्याने खुशाल गणित सोडावं.

दुसरा टप्पा 'नीट'च्या निकालानंतरचा. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, बरं का! निकाल लागला की कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. समजा, साताऱ्याच्या एका मुलीला हवं होतं मिरज, पण पहिल्या फेरीत जागा मिळाली दूरच्या कॉलेजात. तिने तिथे प्रवेश घेऊन 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरला, तर ती जागा पक्की. पण पुढच्या फेऱ्यांत तिचा विचार होत नाही. फॉर्म भरला नाही, तर पुढच्या फेरीत मिरज मिळू शकतं. पण वरच्या पसंतीचं कॉलेज मिळालं, की आधीची जागा जाते. म्हणून जिथे खरोखर जायचं आहे, तेच नाव वर लिहावं. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून लिहू नये. आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचावी, कारण नियम बदलत असतात.

आपल्या भागात मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे. साताऱ्याचं २०२१-२२ मध्ये सुरू झालं. कराड आणि सांगलीत अभिमत विद्यापीठांची कॉलेजं आहेत. पण तिथली फी सरकारी कॉलेजच्या कितीतरी पट असते.

लवकर निर्णय घेणारी एक मुलगी तुम्हाला माहीत आहे. आनंदीबाई जोशी! चौदाव्या वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं. बायकांना उपचार देणारी बाई-डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. १८८३ साली, अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण का जात आहोत, हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. वय लहान होतं, पण कारण स्वतःचं होतं.

मग तुमचं कारण कोणतं? ते घरच्यांचं नाव न घेता सांगता येतं का? एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजात शिकलात, तर पुढे सरकारी सेवेचा बाँडही असतो. एवढी वर्षं द्यायची तयारी आहे का? आणि एमबीबीएस नाही मिळालं, तर दुसरं काय आवडेल? आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी? जनावरांचा लळा असेल, तर आपल्या सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. दहावीच्या सुट्टीतच क्लासची दोन वर्षांची फी भरली जाते. त्यासाठी कुणी कर्ज काढतं, कुणी दागिने मोडतं. पुढे "एवढा पैसा ओतला तुझ्यावर!" हे एक वाक्य ऐकलं, की "मला हे जमत नाही" असं सांगायची मुलाची हिंमतच होत नाही. ते मनातल्या मनात कुढत बसतं. म्हणून मुलाशी बोलणं फी भरण्याआधी व्हावं. आणि "नको" हेही उत्तर ऐकायची तयारी ठेवावी.

मुलांनो, या रविवारी एक करा. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना त्यांचा दिवस कसा जातो, ते विचारा. मग घरी येऊन एका कागदावर तीनच ओळी लिहा : मला डॉक्टर का व्हायचं आहे? तीन ओळी सुचल्या, तर कागद जपून ठेवा. नाही सुचल्या, तर घाबरू नका. दहावीपर्यंत वेळ आहे!