कोकणकड्याची पाषाणसाक्ष

गेल्या अर्धशतकातील सह्याद्रीच्या भटकंतीचा आढावा घ्यावयाचा, तर तळेगाव दाभाड्यास राहून गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकांस लावलेल्या दुर्गवेडाचा उल्लेख प्रथम केला पाहिजे, आणि त्यापाठोपाठ आमच्या दिघी-भोसरीकडील कारखान्यांतल्या त्या तरुणांचा, जे गुरुवारच्या सुटीस पाठपिशव्या घेऊन आळेफाटा, ओतूर मागे टाकीत खुबीफाट्यास उतरत. पुढे संस्था निघाल्या, गडांच्या याद्या झाल्या. त्या प्रकरणाचा विस्तार नको.

माझा जुना वाद आहे तो हरिश्चंद्रगडाविषयी. शिखरांची प्रतवारी उंचीवरून लावणारे कळसूबाईस 1,646 मीटरांच्या बळावर अग्रपूजेचा मान देतात, आणि काही जाणकार हरिश्चंद्रेश्वराचे देवालय, केदारेश्वराचे पाण्याने वेढलेले लिंग व चांगदेवांची तपोभूमी सांगितली, की गडाचे वर्णन पुरे झाले असे मानतात. देवालय थोर आहे. परंतु ज्या पाषाणात ते उभे राहिले त्याची घडण ज्याने पाहिली नाही, त्याने गड अर्धाच पाहिला. ती पाहावयाची, तर टोलारखिंड वा पाचनईची सोयीची वाट सोडून मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढावे, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी पसरलेले लाव्हाचे थर तेथे मुलकी दप्तरांच्या गठ्ठ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. घट्ट काळा थर उभा कडा धरतो; त्याखालचा सच्छिद्र थर झिजून उतार होतो, उतारावर माती ठरते आणि मातीवर कारवी माजते. नळीतील एखाद्या फुटक्या धोंड्यावर हात फिरवावा, तर वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या बोटांस लागतात आणि त्यांत साखरेच्या दाण्याएवढे पांढरे स्फटिक चमकतात. कारवी बहुधा सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते आणि बी धरून मरते. तोवर तिच्या मुळांनी उताराची माती धरलेली असते, आणि तिच्याच काठ्यांचे शेणमातीने लिंपलेले कूड ठाकर व महादेव कोळ्यांच्या घरांस लागत आले आहेत. वर मान करावी, तो नागाच्या फण्यासारखा आत वळलेला कोकणकडा अर्धे आकाश व्यापून असतो.

या कड्याने विज्ञानासही एक दर्शन दिले. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची मोजदाद करणाऱ्या कर्नल साईक्सने 1835 साली प्रसिद्ध झालेल्या हवामानविषयक निबंधात येथील वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केले. त्यासच आपण इंद्रवज्र म्हणतो. सकाळचा सूर्य पाठीशी, कड्याखाली कोकणातून वर चढणारे धुके, आणि त्या धुक्यावर पडलेल्या आपल्याच छायेच्या मस्तकाभोवती रंगांची कडी, तांबडे बाहेरच्या अंगास. शेजारी उभ्या असलेल्यास त्याच्या स्वतःच्या मस्तकाभोवतीचे दिसते, आपले नव्हे.

आज कड्यालगत भाड्याच्या तंबूंची वस्ती होते, मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक चालतो, आणि सायंकाळच्या सूर्यास्ताची छायाचित्रे घेतलेला समुदाय धुके उजळण्यापूर्वीच उतरू लागतो. हा टापू 1986 पासून अभयारण्य आहे, याचे स्मरण फलकापुरते उरले आहे, याची मला मनस्वी व्यथा वाटते. इंद्रवज्रासाठी श्रावण-भाद्रपदात पाचनईहून खुशाल जावे. नळीत मात्र पावसाळ्यात दगड कोसळतात, म्हणून दसरा उलटून पाणी ओसरल्यावरच, बेलपाड्याचा माहीतगार वाटाड्या सोबत घेऊन, पहाटे निघावे.