पलंगापासून बाथरूमपर्यंत

सकाळी साडेसहा

लालबागहून बसने येते आणि कामाला लागण्याआधी शिवाजी पार्कला एक फेरी मारते. मैदानाभोवतीच्या कट्ट्याकडेने ही फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. १९२५ साली माहीम पार्क म्हणून हे मैदान खुलं झालं आणि दोन वर्षांनी त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. भोवतीच्या कितीतरी इमारती तीस-चाळीसच्या दशकातल्या आहेत. दोन-तीन मजले, गोलाई दिलेल्या बाल्कन्या, रुंद लाकडी कठड्याचे जिने, आणि अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. त्या इमारतींत जन्मलेली मुलं आता पंचाऐंशीच्या घरात आहेत.

बूट घालून फेऱ्या मारणारे आजी-आजोबा मला रोज हात करतात. त्यांना बघून बरं वाटतं. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझे पेशंट वर खिडकीत बसलेले असतात.

साडेसात

पहिलं घर. काकांचं वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनला सात आठवडे झाले. पडले रस्त्यावर नाहीत, पेव्हर ब्लॉकवर नाहीत. रात्री तीन वाजता लघवीला लागली म्हणून घाईने उठले आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या अकरा पावलांत कोसळले. ती अकरा पावलं मी मोजली आहेत.

आडव्या माणसाने एकदम उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरतं. तरुण शरीर ते क्षणात सावरतं. म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असली तर आणखी लागतो. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस जातो. म्हणून काकांना मी उठायला नव्याने शिकवते आहे. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून बसायचं. घोटे वीस वेळा वर-खाली. मग उभं राहून मनात दहा आकडे. मग पहिलं पाऊल.

“अहो, तोवर पलंगातच व्हायचं की!” काका म्हणतात.

“होऊ दे. चादर धुता येते, काका.”

काकूंना सांगून पलंगाजवळ युरिनल ठेवायला लावलं. काकांना ते कमीपणाचं वाटत होतं. चार दिवस गेले, आता तेच रात्री झोपताना विचारतात, भांडं ठेवलंस का गं.

साडेनऊ

दुसऱ्या घरी चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले की पडण्याचा धोका आहे असं धरतात. माझी नजर घड्याळापेक्षा वळणावर असते. चांगला तोल असलेला माणूस दोन-तीन पावलांत वळतो, घाबरलेला जागच्या जागी सहा-सात तुकड्यांत वळतो. या बाईंना एकोणीस सेकंद लागले. मागच्या महिन्यात चोवीस होते. न्यूझीलंडमध्ये ओटॅगो नावाचा घरी करायच्या व्यायामांचा क्रम तयार झाला, त्याने पडण्याचं प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं. त्यात अवघड काही नाही. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. पोळ्या होईपर्यंतच्या वेळात होतं ते सगळं, फक्त रोज व्हायला हवं.

अकरा

आता बाथरूम. दिवसातला हा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

या घरातला मुलगा परदेशात आहे. आई एकटी, दिवसा मावशी असतात. मुलाने फोनवरून सगळी व्यवस्था लावली आणि प्लंबरने येऊन स्टीलचा दांडा बसवला. फोटोत तो छान दिसत होता. तो टॉवेलचा दांडा होता, भिंतीच्या गिलाव्यात दोन छोट्या स्क्रूंवर टेकवलेला. आजी कमोडवरून उठताना त्याला धरून रेटल्या आणि दांडा स्क्रूंसकट हातात आला. मनगटावर निभावलं. तो दांडा मी आधी पाहिलेला होता आणि हाताने ओढून बघितला नव्हता, हे मला विसरता येत नाही. तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की दांड्याला माझं सगळं वजन देऊन लोंबकळते. विटेत खोल अँकर घातलेला असेल तरच पास.

जुन्या घरांत बाथरूमला उंबरा असतो, आत जमीन दोन इंच खाली. तिथे भडक रंगाची पट्टी चिकटवायची, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यालाही कड दिसते. आंघोळीला रबरी पायांचं स्टूल. बादली जमिनीवर नको, पाटावर, म्हणजे वाकावं लागत नाही. कडी आतून लावायची नाही, हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि दारातलं पायपुसणं. सुती, जुन्या साडीचं, आजींनी स्वतः विणलेलं. ते गुळगुळीत लादीवर सरकतं. मी ते उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. आजी काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने म्हणाल्या, “ह्यांच्या आजारपणात विणलं होतं गं.” आता ते त्यांच्या मांडीवर असतं, दुपारी गुडघे झाकायला.

एक वाजता

कट्ट्यावर झाडाखाली डबा.

साडेतीन

इथे पेशंट आजोबा, पण आज शिकवायचं होतं मावशींना. त्या दिव्याहून येतात, बारा तासांची ड्युटी करतात आणि त्यांची स्वतःची कंबर गेलेली आहे. काखेत हात घालून ओढून उठवायचं ही सवय. त्याने आजोबांचा खांदा दुखावतो आणि मावशींचा मणका. त्याऐवजी आजोबांच्या कमरेला रुंद कापडी पट्टा बांधायचा, त्यांनी खुर्चीच्या कडेला यायचं, पाय मागे घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे येईस्तोवर वाकायचं, आणि “एक, दोन, तीन” आजोबांनीच म्हणायचं. तिसऱ्या खेपेला मावशी म्हणाल्या, “ताई, हे तर आपले आपणच उठले!”

आपल्याकडे सांभाळणाऱ्या बाईला पगार दिला की काम संपलं असं समजतात. तिला कुणी काही शिकवत नाही, दुपारी पाठ टेकायला जागा देत नाही. मग पडलेल्या माणसाचा ठपका मात्र तिच्यावर येतो. हे मला पटत नाही आणि मी प्रत्येक घरात तसं बोलते.

साडेपाच

आज ज्यासाठी दिवसभर थांबले होते ते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याऐंशी. एकदा पडल्या, हाड मोडलं नाही, पण भीती बसली. अकरा महिने जिना उतरल्या नाहीत. भीतीने माणूस चालत नाही, न चालल्याने मांडीचे स्नायू वाळतात, आणि मग खरंच पडतो.

छत्तीस पायऱ्या. डावा गुडघा दुखरा, म्हणून काठी उजव्या हातात, डावा हात कठड्यावर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे. पहिल्या वळणावर त्या थांबल्या.

“आज नको गं. उद्या.”

“बरं. खुर्ची ठेवली आहे, दोन मिनिटं बसा. मग ठरवू.”

शेजारच्या वहिनींनी ती खुर्ची महिनाभर जिन्याच्या त्या कोपऱ्यात ठेवली आहे. आजी बसल्या, घाम पुसला, आणि आपणहून उठल्या. सहा वाजता आम्ही रस्ता ओलांडला. कट्टा बसायला बुटका पडतो, उठणं जड जातं, म्हणून घडीचं स्टूल नेलं होतं. समोर पोरांची नेट प्रॅक्टिस चाललेली. आजी बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “इथून आवाज वेगळाच येतो.” अकरा महिने चेंडूचा आवाज त्यांनी खिडकीतूनच ऐकला होता.

आठ

परतीच्या बसमध्ये फोन सुरू होतात. पुण्याहून, दुबईहून, अमेरिकेहून. सगळे विचारतात, आई कशी आहे, आणखी काय पाठवू. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा म्हणून सांगते. आई एकटी राहत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा, घराची एक किल्ली शेजारी द्या.

आणि घरी याल त्या पहिल्या रात्री आईच्या पलंगावर झोपा. तीन वाजता उठून, दिवा न लावता, अनवाणी बाथरूमपर्यंत जा. जिथे तुमचा पाय अडखळेल ती जागा सकाळी आधी दुरुस्त करा.