उन्हाचे कवच निवडताना

औषधांच्या दुकानात सनस्क्रीन घेणारा ग्राहक साधारणतः दोनच गोष्टी पाहतो : एसपीएफचा आकडा आणि किंमत. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्यांची यादी, कर्जाच्या करारातील अटींप्रमाणे, बहुधा न वाचलेलीच राहते. वस्तुतः निवडीचे मर्म तेथेच आहे.

सूर्यप्रकाशातील दोन प्रकारचे अतिनील किरण त्वचेपर्यंत पोहोचतात. 'बी' किरणांनी त्वचा भाजते. 'ए' किरण अधिक खोल शिरून सुरकुत्या व काळे डाग यांस कारणीभूत होतात. एसपीएफ हा मुख्यतः 'बी' किरणांपासूनच्या संरक्षणाचा निदर्शक होय. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के, तर ५० सुमारे ९८ टक्के 'बी' किरण अडवते. आकडा वाढला तरी लाभ त्या प्रमाणात वाढत नाही. 'ए' किरणांसाठी वेष्टनावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा 'पीए' ही खूण पाहावी.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सनस्क्रीनमधील १६ घटकांचा आढावा घेतला. त्यांपैकी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायॉक्साइड ही दोन खनिजेच सुरक्षित व परिणामकारक मानावीत, असा प्रस्ताव त्याने मांडला. १२ घटकांविषयी अधिक माहिती मागविली. त्याच वर्षी व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ऑक्सिबेन्झोनसह काही रासायनिक घटक त्वचेतून रक्तात उतरत असल्याचे आढळले. रक्तात आढळणे म्हणजे अपाय सिद्ध होणे नव्हे, आणि म्हणून सनस्क्रीनचा वापर थांबवू नये, हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ऑक्सिबेन्झोनच्या प्रमाणावर अधिक कडक मर्यादा घातली. प्रवाळांच्या रक्षणासाठी हवाई बेटांवर ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे.

तेव्हा लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि नाजूक त्वचेच्या व्यक्तींसाठी झिंक ऑक्साइडयुक्त, सुगंधविरहित क्रीम निवडणे शहाणपणाचे. सहा महिन्यांखालील बालकांना मात्र सावली व सुती कपडे हेच योग्य. खनिज क्रीमने सावळ्या त्वचेवर पांढरट थर दिसतो, ही तक्रार खरी आहे. आयर्न ऑक्साइड मिसळलेली, त्वचेच्या रंगाची क्रीम हा त्यावर उपाय आहे. वांग असलेल्यांना तिचा विशेष लाभ होतो, कारण ती दृश्य प्रकाशही काही अंशी अडवते. फवाऱ्याचे कण श्वासावाटे आत जाण्याचा संभव असल्याने स्प्रेपेक्षा क्रीम बरी.

वेष्टनावरील एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून मोजलेला असतो. प्रत्यक्षात लोक याहून पुष्कळ कमी लावतात आणि तेवढ्याच भरवशावर उन्हात अधिक वेळ राहतात. चेहरा व मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतकी क्रीम घ्यावी. उन्हात असताना दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर ती पुन्हा लावावी. वापराची अंतिम तारीख पाहण्यास विसरू नये. छत्री, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांची जागा मात्र कोणतीही क्रीम घेऊ शकत नाही.